प्रौढ वयातील मुखलेप आणि प्रसाधन

चाळिशीनंतर त्वचेतील स्नेहांश घटू लागतो. रजोनिवृत्तीनंतर रूक्षता अधिकच जाणवते. सोलापूरच्या कोरड्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपुढे जातो, तेव्हा पावडरीचे थर सुरकुत्यांत साचून वय झाकण्याऐवजी उठून दिसते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील २२ व्या अध्यायात वाग्भटाचार्यांनी दोषघ्न, विषघ्न व वर्ण्य असे मुखलेपाचे ३ प्रकार सांगितले आहेत. लेप चेहऱ्यावर वाळू देऊ नये, वाळल्यास कांती बिघडते; तो ओला करून काढावा व नंतर अभ्यंग करावा, असा त्यांचा दंडक आहे. मुलतानी मातीचे पुडे देताना औषधालयांनी एवढे अवश्य सांगावे. घटकद्रव्यांची नोंद नसलेली गोरेपणाची मलमे मात्र वैद्यबंधूंनी ठेवूच नयेत. त्यांतील पाऱ्याने मूत्रपिंडांस इजा होऊ शकते.