दुखणं एकीकडं, गाठ दुसरीकडं

केजच्या बसस्थानकावर एक बाई दुसरीला सांगत होती, "चार महिने डोकं ठणकायचं. गोळ्या खाऊन खाऊन पोटाचं वाटोळं झालं. मावशीनं खांद्यावर अंगठा ठेवला, अन् डोक्यातलं गेलं बाई." ही मावशी कुठली, असं मी विचारलं. युसूफ वडगावची. दुसऱ्या दिवशी मी तिथली गाडी धरली.

त्या बोलण्यावरून मला एक चित्र आठवलं होतं. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकी डॉक्टरबाई. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर त्यांनी उपचार केले आणि १९६१ साली व्हाइट हाउसमध्ये राष्ट्राध्यक्षांच्या डॉक्टर झालेल्या त्या पहिल्या स्त्री. डेव्हिड सायमन्स यांच्यासोबत १९८३ साली त्यांनी स्नायूंच्या दुखण्यावरचा जाडजूड ग्रंथ काढला. त्यातल्या चित्रांत गाठीच्या जागी फुली असते आणि दुखणं जाणवतं तिथं तांबडा रंग. खांद्याच्या वरच्या स्नायूवर फुली आहे, तांबडा रंग मात्र मानेवरून, कानामागून थेट कानशिलापर्यंत चढलेला. अशा गाठीला ट्रॅव्हेल ट्रिगर पॉइंट म्हणत. बसस्थानकावरच्या बाईनं तेच चित्र दोन वाक्यांत काढलं होतं.

मावशींचं घर लांबूनच ओळखू येतं, वासावरून. करडईचं तेल, त्यात करपेपर्यंत तळलेल्या लसणाच्या पाकळ्या आणि चिमूटभर ओवा. पाडवा होऊन गेलेला. ऊसतोडीच्या टोळ्या कारखान्यांवरून परतलेल्या. पत्र्याच्या सावलीत गोधडी अंथरलेली आणि भिंतीशी चार बाया पाळीची वाट बघत बसलेल्या.

मावशी पायाळू. जन्मताना पाय आधी आले, म्हणून लहानपणापासून गावात कुणाची उसण भरली की हिला बोलावणं यायचं: पाठीला पाय लाव. "लोक म्हनायचे पायात गुन हाय. मी टाच ठेवायची तर मला कळायचं, सगळ्या पाठीत एकच जागा टणक हाय. तिथं टाच थांबली की मानूस सुस्कारा सोडायचा." पुढं टाचेच्या जागी अंगठा आला. पायाळूपणाच्या गुणावर माझा विश्वास नाही, पण टाचेखालची ती एक जागा शोधत राहिलेल्या मुलीवर आहे.

गोधडीवर पालथी झोपली होती ती तिशीची बाई. सहा महिने फडात होती. नवरा-बायको मिळून एक कोयता. "दिसाला दोन टन निघायचा," ती सहज म्हणाली. मी मनात हिशेब मांडला. चाळीस किलोची एक मोळी धरली तर दोन टनांच्या पन्नास मोळ्या. निम्म्या हिच्या डोक्यावरून, फळीवर तोल सांभाळत, ट्रकमध्ये चढलेल्या. मोळी धरायला वर गेलेला हात आणि त्याखाली आवळून राहिलेला खांदा, रोज एक टन. २०२४ च्या जानेवारीत तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये झाला. तो दोघांत मिळून.

तेल लावणं, पाठ मोकळी करणं हे भराभर झालं. मग मावशींची बोटं संथ झाली. मान आणि खांद्याच्या मधला भाग त्यांनी चिमटीत धरला आणि धान्य निवडावं तशा त्या बोटांतून काहीतरी सरकवत राहिल्या. एका जागी थांबल्या. बाई दचकून उचललीच गेली. "कुटं गेली कळ?" मावशींनी विचारलं. "कानामागं. डोक्यात." मावशींनी माझं बोट धरून तिथं टेकवलं. कातडीखाली ताणलेल्या सुतळीसारखी शीर लागली आणि तिच्यावर हरभऱ्याएवढी गाठ.

मग अंगठा तिथं ठेवला, आणि ठेवलाच. चोळणं नाही, रगडणं नाही. "सोसंल एवढंच दाबायचं. जास्त दाबलं तर मांस भांडतं." बाई श्वास रोखून होती, तो सुटला. मी मनात आकडे मोजत होतो. साठच्या पुढं कधीतरी मावशींचा अंगठा आपोआप खाली उतरला, जोर न वाढवता. "निजली," त्या म्हणाल्या. "गाठ म्हंजी जागं राहिलेलं मांस. त्याला निजवावं लागतं." ट्रॅव्हेल-सायमन्स यांचा अंदाजही जवळपास हाच आहे: स्नायूचा एक तुकडा आवळलेलाच राहतो, रक्ताला वाट मिळत नाही, आणि सुटायला लागणारी ताकदच त्याला मिळत नाही. त्या अंगठ्यापासून माझी नजर हलेना. दिवसभर मी परत परत तोच बघत राहिलो.

डॉक्टरांत याबद्दल एकमत नाही, हेही सांगितलं पाहिजे. एकाच पाठीवर दोन जाणकारांची बोटं एकाच जागी थांबतील असं नाही. गाठीत नेमकं काय घडतं ते पक्कं सिद्ध झालेलं नाही, आणि दाबून मिळालेला आराम पुष्कळदा थोड्याच दिवसांचा असतो. तरी मी मावशींच्या बाजूचा झालो तो दुपारी आलेल्या एका माणसामुळं. कमरेपासून पायात कळ, असं म्हणत तो बसला. मावशींनी त्याला चालायला लावलं. पाऊल फरपटत होतं. अंगठा वर उचल म्हणाल्या, उचलेना. तेलाची वाटी त्यांनी बाजूला सारली. "हे मांसाचं न्हाई. माझ्याकडं येळ घालवू नगंस. आजच्या आज अंबाजोगाईला, मोठ्या दवाखान्यात जा." तो गयावया करत राहिला, पण त्यांनी हात लावला नाही. एवढ्या दुरून आलेल्या माणसाला नाही म्हणायला जाणतेपण लागतं.

सकाळची बाई निरगुडीच्या पाल्याचा शेक घेऊन उठली. मान डावीकडं वळवली, उजवीकडं वळवली. उजवीकडं वळवताना तिच्या चेहऱ्यावर भीती आली आणि कळ न आल्यामुळं तशीच विरून गेली. तो चेहरा मी विसरणार नाही. मावशींनी कान खांद्याकडं झुकवून मान हळू ताणायची रीत दाखवली आणि बजावलं, "आठ दिस डोक्यावर वझं न्हाई."

"आन् पाणी कुणी भरायचं?" बाईनं विचारलं. मावशी काही बोलल्या नाहीत.

निघताना मी त्या बाईला विचारलं, पुन्हा जाणार का तोडीला? मुकादमाची उचल घेतलेली आहे, म्हणाली, पोरीच्या लग्नाला. मग पदर डोक्यावर घेत बोटांवर महिने मोजले. "दिवाळीपस्तोर मान आपली. पुढं दोन टन हायेतच."