कामावरचे पाणी

पगार आणि बोनस सोडून तुम्ही संघटनावाले मागता तरी काय, असे आम्हाला पुष्कळदा विचारले जाते. त्याचे एक उत्तर येथे देत आहोत. आम्ही पाणी मागतो. प्यावयाचे, स्वच्छ, पुरेसे आणि हाताशी असलेले.

मागणी क्षुल्लक वाटेल. रायगडच्या किनाऱ्यावर वर्षाला २,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. तेथे पाण्याचा तोटा कसला? पण अलिबाग-पेणच्या खारेपाटात उन्हाळा लागला की घरोघरच्या बाया टँकरची वाट पाहतात. गोडे पाणी खाऱ्याहून हलके असल्याने जमिनीखाली ते खाऱ्या पाण्यावर तरंगत असते. वरचे उपसले की खालचे खारे वर चढते आणि विहीर मचूळ होते. उरण-पेणच्या मिठागरांत राबणाऱ्या मजुराच्या पायाखाली पाणीच पाणी असते. घशात घालावयाचे मात्र गावातून यावे लागते.

‘आडातच नाही, तर पोहऱ्यात कोठून येणार?’ असे काही मालक म्हणतात. पण कारखान्याच्या बॉयलरला पाणी कमी पडल्याचे आम्ही कधी ऐकले नाही. ते पाणी तपासून, त्यातले क्षार काढून आत सोडतात. नाहीतर नळ्यांवर पुटे चढतात, हे इंजिनियराला ठाऊक असते. माणसाच्या नळ्यांची तेवढीच काळजी घ्या, एवढेच आमचे म्हणणे आहे.

पाणी कमी पडल्याने काय होते ते प्रथम पाहू. उन्हात किंवा भट्टीजवळ कष्टाचे काम करताना तासाला लिटरभर घाम जाऊ शकतो. तहान लागते ती शरीर थोडे कोरडे पडल्यावर. म्हणून दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर पाणी घ्यावे असा वैद्यकीय सल्ला आहे. पाणी पाव मैलावर असेल आणि मुकादम जागा सोडू देत नसेल, तर हा सल्ला कागदावरच राहतो. मग पेटके, चक्कर, आणि शेवटी उष्माघात. मध्य अमेरिकेत निकाराग्वा व एल साल्वाडोर येथे ऐन तारुण्यातले हजारो ऊसतोड मजूर मूत्रपिंडाच्या विकाराने दगावले. त्यामागे उष्णता, अतिकष्ट आणि पाण्याचा तुटवडा यांचा मोठा हात असावा, असे संशोधक मानतात. स्त्रियांची अडचण आणखी निराळी. संडास नसला की त्या जाणूनबुजून पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाचे विकार पत्करतात. म्हणून पाण्याची मागणी संडासाच्या मागणीपासून तोडता येत नाही.

दुसरा धोका अशुद्ध पाण्याचा. १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवर कॉलऱ्याची साथ आली. तेथल्या एका कारखान्यात सुमारे २०० कामगार होते. त्यांच्यासाठी रस्त्यावरच्या पंपाचे पाणी दोन पिपांत भरून ठेवीत. त्यांतले १८ जण मेले. जवळच्याच बिअरच्या कारखान्यातले सत्तरांहून अधिक कामगार ते पाणी पीत नसत. त्यांच्यातले कोणी मेले नाही. डॉ. जॉन स्नो यांनी अशाच नोंदींवरून कॉलरा पाण्यातून पसरतो हे दाखवून दिले. मालकाने पिपे भरून ठेवली होती, त्याचा हेतू वाईट नव्हता. पाणी कोठले, हे मात्र कोणी पाहिले नाही.

नुसत्या क्लोरिनवर विसंबूनही भागत नाही. १९५५-५६ च्या हिवाळ्यात दिल्लीत यमुनेचे पाणी घेण्याच्या ठिकाणी सांडपाणी शिरले. पाण्यात क्लोरिन घातले जात होते. तरीही सुमारे २९,००० लोकांना कावीळ झाली. औषध हवेच, पण उगम राखणे त्याहून अगोदरचे.

कायदा काय सांगतो? १९४८ च्या कारखाना कायद्याच्या कलम १८ ने पुरेसे व आरोग्यदायी पाणी देणे बंधनकारक केले. पाण्याच्या जागी कामगारांना कळेल अशा भाषेत पाटी हवी, संडास-मोरीपासून ती जागा ६ मीटर दूर हवी, आणि २५० हून अधिक कामगार असतील तेथे उन्हाळ्यात पाणी थंड करण्याची सोय हवी, असे त्यात होते. त्या कायद्याची जागा आता २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा संहितेने घेतली असून ती २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. पिण्याजोग्या पाण्याची जबाबदारी तेथेही मालकाचीच आहे. कंत्राटी मजुरांचे पाणी १९७० च्या कायद्याने प्रथम कंत्राटदारावर सोपविले होते. नव्या संहितेने ते मूळ मालकावर टाकले आहे.

हा बदल मोठा आहे. कारण आज कित्येक ठिकाणी कायम नोकराला कँटीनमधला कूलर आणि कंत्राटी मजुराला आवारातला नळ, अशी दोन पाणी झाली आहेत. रोगजंतू हजेरीपट पाहून येत नाहीत.

एकाच पाण्यावर सर्वांचा हक्क, हा धडा आमच्याच जिल्ह्याने देशाला दिला. कामगार चळवळीतले सी. के. बोले यांनी १९२३ साली मुंबई कायदे कौन्सिलात सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव मंजूर करून घेतला. महाड नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचे जाहीरही केले. पण तेथे पाणी पिता यावे म्हणून २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना हजारोंसह तळ्यावर चालत जावे लागले. त्या लढ्याशी आमच्या मागणीची बरोबरी आम्ही करीत नाही; पण ठराव आणि ओंजळ यांत किती अंतर असते, हे तेथे शिकावे.

ते अंतर कमी करण्यास फार विद्वत्ता लागत नाही. टाकी केव्हा धुतली त्याची तारीख टाकीवर रंगवून घ्यावी. क्लोरिनची तपासणी टाकीपाशी न करता शेवटच्या नळावर करावी. भारतीय मानकाप्रमाणे तेथे लिटरमागे किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरिन शिल्लक हवा. उकळल्याने जंतू मरतात, खारटपणा जात नाही, हे ध्यानात ठेवावे. माठ असेल तर झाकण आणि लांब दांड्याचे ओगराळे हवे. हात बुडविलेला माठ हा साथीचा दरवाजा होय. तपासणीचा अहवाल फाइलीत न ठेवता पाण्यापाशी टांगावा. आणि साहेबांच्या टेबलावरचा पेला त्याच नळाचा असावा. ही शेवटची अट मान्य झाली, तर बाकीच्या आपोआप पाळल्या जातील, असा आमचा अनुभव आहे.