मूत्राशय बहिर्वर्तन शस्त्रक्रिया

मूत्राशय बहिर्वर्तन शस्त्रक्रिया ही जन्मतः उघड्या राहिलेल्या मूत्राशयाची व लगतच्या अवयवांची पुनर्रचना करणारी शस्त्रक्रिया आहे. या जन्मजात व्यंगाला वैद्यकीय व्यवहारात ब्लॅडर एक्स्ट्रॉफी म्हणतात. साधारणपणे ३०,००० ते ५०,००० जन्मांमागे एका अर्भकात ते आढळते. मुलींपेक्षा मुलग्यांत त्याचे प्रमाण अधिक असते.

व्यंगाचे स्वरूप

गर्भावस्थेच्या सुरुवातीच्या काळात ओटीपोटाची पुढील भिंत पूर्णपणे तयार होत नाही. त्यामुळे मूत्राशय पिशवीसारखा न बनता लालसर, सपाट पृष्ठभागाच्या रूपात पोटावर उघडा राहतो आणि मूत्र सतत बाहेर झिरपते. जघनास्थी एकमेकींपासून दूर असतात व मूत्रमार्गही वरच्या बाजूने उघडा असतो. मूत्रपिंडे मात्र बहुधा निरोगी असतात. त्यांचे रक्षण, लघवीवर नियंत्रण आणि जननेंद्रियांची कार्यक्षम रचना ही उपचारांची मुख्य उद्दिष्टे आहेत.

जन्मानंतरची काळजी

नाळ प्लॅस्टिकच्या चिमट्याऐवजी रेशमी धाग्याने बांधतात, कारण चिमटा घासल्याने मूत्राशयाच्या नाजूक अस्तराला इजा होते. उघडा भाग सलाइनने ओला ठेवून पातळ, पारदर्शक प्लॅस्टिकने झाकला जातो.

शस्त्रक्रियेच्या पद्धती

टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत प्रथम मूत्राशय मिटवून आत बसवतात, जघनास्थी जवळ आणतात व पोटाची भिंत शिवतात. जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत श्रोणीची हाडे लवचिक असतात. त्यानंतर, किंवा हाडांतील अंतर मोठे असल्यास, अस्थिच्छेदन करावे लागते. टाक्यांवर ताण येऊ नये म्हणून बाळाचे पाय व कंबर काही आठवडे स्थिर ठेवतात. मुलग्यांच्या मूत्रमार्गाची दुरुस्ती साधारणपणे ६ ते १२ महिन्यांच्या वयात होते. मूत्राशयग्रीवेची पुनर्रचना चार-पाच वर्षांच्या सुमारास, मूत्राशयाची क्षमता पुरेशी वाढल्यावर आणि मूल लघवीचे शिक्षण घेण्यास तयार झाल्यावर करतात. ही पद्धत विकसित करण्यात अमेरिकेतील रॉबर्ट जेफ्स व जॉन गियरहार्ट यांचा मोठा वाटा आहे. मायकेल मिचेल यांच्या पद्धतीत मूत्राशय व मूत्रमार्ग यांची दुरुस्ती एकाच वेळी केली जाते.

पहिल्या शस्त्रक्रियेचे यश निर्णायक ठरते. जखम उसवली किंवा मूत्राशय पुन्हा बाहेर आला, तर तो पुढे पुरेसा वाढण्याची शक्यता घटते आणि लघवीवर नियंत्रण मिळवणे कठीण होते.

इतिहास

१८५१ मध्ये लंडनचे जॉन सायमन यांनी मूत्र आतड्यात वळवण्याचा प्रयत्न केला. मूत्रवाहिन्या मोठ्या आतड्याला जोडण्याची पद्धत पुढे रूढ झाली. परंतु मूत्रपिंडांचा संसर्ग आणि जोडाजवळ अनेक वर्षांनी उद्भवणारा कर्करोग हे तिचे गंभीर धोके ठरले. १९४२ मध्ये ह्यू हॅम्प्टन यंग यांनी मूत्राशय बंद केल्यावर लघवीवर नियंत्रण मिळाल्याचे उदाहरण नोंदवले. १९८० मध्ये फ्रान्सचे पॉल मित्रोफानॉफ यांनी आंत्रपुच्छापासून मूत्राशय व पोटाची त्वचा जोडणारा मार्ग तयार करण्याची पद्धत मांडली. या मार्गातून नळी घालून मूल ठरावीक वेळाने मूत्राशय रिकामा करू शकते.

शस्त्रक्रियेनंतर

मूत्र उलट मूत्रपिंडांकडे जाणे, संसर्ग व मुतखडे यांसाठी दीर्घकाळ तपासण्या आवश्यक असतात. आतड्याचा भाग जोडून मूत्राशय मोठा करावा लागलेल्या रुग्णांना नियमितपणे नळीचा वापर करावा लागतो. उपचारांनंतर बहुतेक मुले शाळेत जातात व खेळतात. स्त्रिया गर्भधारणा करू शकतात. मात्र प्रसूतीचे नियोजन तज्ज्ञांच्या देखरेखीखाली करावे लागते.