आंखलेली वाट आणि यंत्राची वाट

पुण्याहून वाईला जावयाचें, पण खंबाटकीच्या हमरस्त्यानें नव्हे, तर भोरवरून मांढरदेवीच्या घाटानें, असा बेत एखादें कुटुंब रात्रीं घरच्या संगणकावर करतें. नकाशावर ओढलेली रेघ मोटारींतील जी.पी.एस. यंत्रांत उतरविली जाते. सकाळीं कापूरहोळला भोरचा फांटा येतो, आणि यंत्र सांगतें : सरळ शिरवळकडे चला! दोष अर्थातच यंत्राच्या माथीं बसतो. वस्तुतः जें पाठविलें तेंच त्यानें वाचलें. आपण काय पाठविलें हें मात्र पाठविणारास ठाऊक नसतें.

संगणकांतून यंत्रांत जातो तो नकाशा नव्हे. जाते ती जी.पी.एक्स. पद्धतीनें लिहिलेली एक लहानशी फाईल. ही पद्धति २००२ सालीं प्रचारांत आली व निरनिराळ्या कंपन्यांचीं यंत्रें ती वाचूं शकतात. फाईलींत अक्षांश-रेखांशांच्या जोड्या असतात. त्या ‘मार्ग’ म्हणून लिहिल्या आहेत कीं ‘माग’ म्हणून, यावर सारें अवलंबून आहे. माग म्हणजे पावलांच्या ठशांसारखे दाट, शेंकडों बिंदु. रेघ जशीच्या तशी उमटते, पण पुष्कळ यंत्रें तिच्यावरून ‘डावीकडे वळा’ असें सांगत नाहींत. मार्ग म्हणजे क्रमानें दिलेले मोजके बिंदु. त्यांच्यामधील रस्ता यंत्र बहुधा आपल्या नकाशावरून, आपल्या आवडीनें ठरवितें; आणि त्याची आवड बहुतेक वेळ वांचविण्याची असते.

म्हणून केवळ पुणें व वाई हीं दोन टोकें देऊन भागत नाहीं. भोरचा बिंदु दिला तरी भोर गांठून यंत्र पुन्हा हमरस्ता धरूं शकतें. मांढरदेवीजवळ आणखी एक बिंदु हवा, आणि तो रस्त्यावरच हवा. देवळाच्या पायऱ्यांवर पडला तर यंत्र घाट सोडून तिकडेच नेऊं पाहील. दुभाजक असलेल्या हमरस्त्यावर बिंदु चुकून पलीकडच्या अंगास पडला, तर मोटार पुढें नेऊन उलट फिरविण्याचा हुकूम होतो. नकाशा पुरेसा मोठा करून बिंदु ठेवण्याचा आळस येथें फार नडतो.

बाकीचें काम किरकोळ आहे. केबलनें जोडलेलें यंत्र संगणकास एखाद्या कप्प्यासारखें दिसतें; फाईल त्यांत ठेवावी, केबल काढावी, व यंत्रावर ती ‘आयात’ करावी. ही पायरी विसरली तर फाईल आंत असूनही मार्ग दिसत नाहीं. नंतर घरींच दोन्हीकडील किलोमीटरांचे आंकडे ताडून पाहावेत. त्यांत मोठा फरक पडला, तर वाट कोठें तरी बदलली आहे. तिथें आणखी एक बिंदु ठेवून फाईल पुन्हा पाठवावी.