बागेला कुलूप, पण कुणासाठी?

उन्हाळ्याची सुट्टी लागली की मुलांचा पहिला हट्ट काय असतो? बागेत चला, नाहीतर पोहायला चला. आता कल्पना करा, एका सकाळी तुम्ही मुलांना घेऊन निघालात आणि बागेच्या फाटकाला भलेमोठे कुलूप! दुरुस्ती चालू नाही, कसली साथही नाही. शहरातल्या सगळ्याच बागा बंद, कारण आता तिथे वेगळ्या रंगाची मुलेही खेळायला येण्याची शक्यता आहे.

अमेरिकेतील अलाबामा राज्याची राजधानी मॉन्टगोमेरी. 1 जानेवारी 1959 पासून तिथे अगदी असेच घडले आणि हे कुलूप 1965 पर्यंत निघाले नाही.

रोझा पार्क्स यांनी बसमधली आपली जागा गोऱ्या प्रवाशासाठी सोडायला नकार दिला, ते हेच शहर. त्यानंतर कृष्णवर्णीयांनी 381 दिवस बसवर बहिष्कार टाकला आणि अखेर बसमधला भेदभाव कोर्टाने रद्द केला. ही कहाणी अनेकींना ठाऊक असेल. बागांची कहाणी मात्र फारशी सांगितली जात नाही.

स्वयंपाकघरातून कोर्टात

जॉर्जिया गिलमोर एका उपाहारगृहात स्वयंपाकीण होत्या. बहिष्काराच्या काळात त्यांनी ओळखीच्या बायकांना जमवले, चिकन, सँडविच, केक करून विकले आणि मिळालेले पैसे आंदोलनाला दिले. गटाचे नाव ठेवले 'क्लब फ्रॉम नोव्हेअर', म्हणजे 'कुठलाच नसलेला क्लब'. पैसे कुठून आले असे कुणी विचारले तर सरळ सांगता यायचे, 'कुठूनच नाही.' ही हुशारी गरजेची होती, कारण गोऱ्यांच्या घरी राबणाऱ्या बाईचे नाव बाहेर आले तर तिची नोकरी गेलीच म्हणून समजा. खुद्द जॉर्जिया यांनी 1956 मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खटल्यात साक्ष दिली आणि त्यांचे काम सुटले. मग त्यांनी घरातच खानावळ सुरू केली.

त्यांचा मुलगा मार्क एकदा वाट जवळची पडते म्हणून ओक पार्कमधून चालला होता. ही बाग फक्त गोऱ्यांची. पोलिसांनी त्याला पकडले आणि मारहाण केली. जून 1957 मध्ये तर नगरपालिकेने नियमच केला की, दुसऱ्या वर्णासाठी राखलेल्या बागेत किंवा तलावात पाऊल टाकणे हा गुन्हा. डिसेंबर 1958 मध्ये जॉर्जिया आणि इतर काही रहिवाशांनी नगरपालिकेवर दावा लावला.

पालिकेचे उत्तर? साऱ्या बागांना टाळे. ओक पार्कमधला पोहण्याचा तलाव मातीने बुजवला. तिथल्या प्राणिसंग्रहालयातले प्राणीही विकून टाकले. त्या मुक्या जिवांचा यात काय संबंध होता, कोण जाणे! चवदार तळ्याचा इतिहास शाळेत शिकलेल्या आपल्याला पाणी 'बाटण्याची' ही भीती नवी नाही. पण इथे बाटण्याआधी पाणीच संपवून टाकले.

आणि नुकसान कुणाचे झाले? ज्यांच्याकडे पैसा होता, ते खासगी क्लबात गेले. उन्हात घरी बसली ती गरिबांची मुले, काळी आणि गोरीसुद्धा.

याच काळात, फेब्रुवारी 1959 मध्ये, मॉन्टगोमेरीच्या चर्चमध्ये पाद्री असलेले किंग पत्नी कोरेटासह भारतात आले होते. मुंबईत ते मणिभवनात राहिले. ते ज्या शहरात परतले, तिथल्या बागा अजून बंदच होत्या.

कुलूप निघाले, तलाव नाही

सप्टेंबर 1959 मध्ये न्यायाधीश फ्रँक जॉन्सन यांनी तो नियम घटनाबाह्य ठरवला, तरी पालिका हलली नाही. तिने वेगळीच वाट काढली होती. 1958 मध्येच तिने वायएमसीए या संस्थेशी गुपचूप समझोता केला होता. शहरातले खेळ, पोहणे, शिबिरे यांचा बराच भार संस्थेने उचलायचा आणि तिथे गोरे-काळे वेगळेच ठेवायचे. 1969 मध्ये दोन कृष्णवर्णीय मुलांना तिच्या उन्हाळी शिबिरात घेतले नाही, तेव्हा पालक कोर्टात गेले आणि हा समझोता उजेडात आला. म्हणजे बागा उघडून 4 वर्षे झाली तरी मुलांच्या वाट्याला 'प्रवेश नाही' होतेच.

गिलमोर यांचा जुना दावाही मिटला नव्हता. फक्त गोऱ्यांसाठी निघालेल्या खासगी शाळांना पालिका मैदाने वापरायला देत होती. 1974 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले, सार्वजनिक मैदान अशा शाळेला फक्त तिच्यापुरते म्हणून देता येणार नाही. दावा लावल्याला तोवर 15 वर्षे उलटली होती. म्हणजे तेव्हा झोपाळ्यावर बसायच्या वयाची असलेली मुले आता स्वतः आईबाप व्हायच्या वयाला आली होती.

ओक पार्क आता सर्वांसाठी खुले आहे. बुजवलेला तलाव मात्र परत आला नाही. या बागेत नंतर तारांगण बांधले, तेव्हा त्याला डब्ल्यू. ए. गेल यांचे नाव देण्यात आले. बागांना टाळे लागले तेव्हाचे महापौर हेच. जॉर्जिया गिलमोर 1990 मध्ये वारल्या. त्यांच्या नावाचा फलक त्या जिथे लोकांना जेवू घालत, त्या घरासमोर आहे.