महाजालावरील माहिती : पाखडून घेण्याची सवय

विश्रांतवाडी, टिंगरेनगर, धानोरी, कळस या परिसरात महाजालाशी जोडलेला भ्रमणध्वनी नाही असे घर आज क्वचितच आढळेल. शाळेचे वेळापत्रक, गृहपाठ, परीक्षेचा निकाल, शिष्यवृत्तीचा अर्ज हे सारे त्या लहानशा पडद्यावर येते. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा कित्येक घरांत एकाच फोनवर दोन-तीन भावंडांनी आळीपाळीने वर्ग केले. मुले यंत्र हाताळायला शिकली. यंत्रातून येणारी माहिती तपासायला ती शिकली काय, हा प्रश्न मात्र तसाच राहिला. या दुसऱ्या शिक्षणालाच वेब साक्षरता म्हणतात. शिक्षक, पालक आणि विद्यार्थी या तिघांच्याही उपयोगी पडावे म्हणून त्याविषयी येथे काही लिहीत आहे.

प्रारंभी स्वतःचीच चूक सांगतो. काही वर्षांपूर्वी एका लहान मुलाला तातडीने रक्त हवे आहे, असा संदेश मला आला. मन हेलावले आणि कोणतीही शहानिशा न करता मी तो धर्मग्रामातील सर्व गटांना पाठवला. दुसऱ्या दिवशी रक्त देण्यास निघालेल्या एका तरुणाने त्या क्रमांकावर फोन केला. पलीकडचे गृहस्थ थकलेल्या आवाजात म्हणाले, ‘‘हा संदेश तीन वर्षांपूर्वीचा आहे. मूल बरे होऊन शाळेत जाऊ लागले. फोन मात्र थांबत नाहीत.’’ मी तो संदेश पुन्हा काढून पाहिला. त्यात ‘आज’ असे लिहिले होते, पण तारीख कोठेच नव्हती. हेतू चांगला असला म्हणजे माहिती खरी ठरत नाही, हा धडा मला त्या दिवशी मिळाला.

अफवेची किंमत

माझ्या चुकीने काही माणसांची धावपळ झाली, एवढ्यावर निभावले. सर्वत्र तसे घडत नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा या गावी नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारले. मुले पळवणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सअ‍ॅपवरून पसरली होती. त्या काळात देशभर फिरणाऱ्या एका चित्रफितीत मोटारसायकलवरील दोन इसम रस्त्यातून मूल उचलून नेताना दिसत. ती चित्रफीत मुळात कराचीतील एका संस्थेने मुलांच्या सुरक्षिततेविषयी जनजागृतीसाठी बनवली होती. मूळ फितीच्या शेवटी ते इसम मूल परत आणून देतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. हा शेवटच कोणीतरी कापून टाकला होता. दृश्य खोटे नव्हते, पण त्याचा संदर्भ काढून घेतलेला होता. वेब साक्षरता हा केवळ संगणकाच्या तासाचा विषय नाही, हे यावरून ध्यानात यावे.

त्यानंतर तंत्रज्ञान आणखी पुढे गेले आहे. मार्च २०२३ मध्ये पोप फ्रान्सिस यांचे पांढऱ्या फुगीर कोटातील छायाचित्र जगभर पसरले आणि अनेक भाविकांनीही ते खरे मानले. प्रत्यक्षात ते मिडजर्नी या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाने तयार केलेले चित्र होते. डोळ्यांनी पाहिले म्हणजे झाले, असे म्हणण्याची सोय आता उरलेली नाही.

तपासावे कसे?

अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सेरा मॅग्रू यांनी २०१७ मध्ये एक बोधप्रद अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांनी १० इतिहासतज्ज्ञ, वृत्तपत्रसृष्टीतील १० व्यावसायिक तथ्यशोधक आणि विद्यापीठातील २५ विद्यार्थी यांना काही संकेतस्थळांची विश्वासार्हता ठरवण्यास सांगितले. इतिहासतज्ज्ञ विद्वान असूनही त्यांतील अनेक जण देखण्या मांडणीला आणि भारदस्त नावांना भुलले. तथ्यशोधकांनी मात्र अल्पावधीत योग्य निष्कर्ष काढला. याचे कारण साधे होते. इतर जण ते पान वरपासून खालपर्यंत वाचत बसले, तर तथ्यशोधक लगेच त्या पानाबाहेर पडून या संस्थेविषयी इतर लोक काय म्हणतात, हे पाहू लागले. आपणही स्थळ पाहताना केवळ मुलाच्या तोंडून त्याचे गुण ऐकून थांबत नाही, गावात चौकशी करतो. ही रीत तीच आहे.

विद्यार्थ्यांना पुढील चार प्रश्न विचारण्याची सवय लावावी.

१. हे कोणी लिहिले? लेखकाचे किंवा संस्थेचे नाव नसेल, तर तेवढ्यावरच थबकावे.

२. केव्हा लिहिले? प्लूटोला ग्रहांच्या यादीतून २००६ मध्ये वगळण्यात आले. त्यापूर्वीची नोंद नऊ ग्रह सांगेल. लेखक खोटा नसतो, पण माहिती जुनी झालेली असते.

३. कशाच्या आधारे? चित्र असेल तर गूगल लेन्ससारख्या साधनाने ते पूर्वी कोठे प्रसिद्ध झाले होते, हे शोधता येते.

४. आणखी कोण सांगते? एकमेकांची नक्कल केलेली दहा पाने म्हणजे दहा साक्षीदार नव्हेत.

संकेतस्थळाचा पत्ता वाचणे हीसुद्धा एक विद्या आहे. पत्त्यात पहिली तिरकी रेघ येण्यापूर्वीचे नाव शेवटाकडून वाचावे. त्यात ‘महाराष्ट्र’ किंवा ‘शासन’ अशी अक्षरे असली, पण त्याचा शेवट ‘डॉट कॉम’ने होत असेल, तर ते राज्य शासनाचे संकेतस्थळ समजून तेथे अर्ज भरू नये. शासकीय पत्ते सामान्यतः ‘जीओव्ही डॉट इन’ने संपतात. पत्त्याशेजारी दिसणाऱ्या कुलपाचा अर्थ मधल्या वाटेवर माहिती कोणी सहज वाचू शकणार नाही, एवढाच असतो. पलीकडे बसलेला माणूस प्रामाणिक आहे, याची हमी ते कुलूप देत नाही. निकाल आणि प्रवेश यांच्या दिवसांत हे भान विशेष ठेवावे. ओटीपी कोणालाही सांगू नये. पैशांची फसवणूक झाल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर विनाविलंब तक्रार करावी.

मराठीतून उपलब्ध असलेले धन

केवळ धोक्यांची यादी दिली, तर मुले एक तर घाबरतील किंवा ऐकेनाशी होतील. महाजालावर उत्तम साधने विनामूल्य उपलब्ध आहेत आणि त्यांतील बरीच पुण्याशी निगडित आहेत. बालभारतीची पाठ्यपुस्तके त्यांच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतात. २०१७ मध्ये सुरू झालेल्या दीक्षा या राष्ट्रीय मंचावर पाठांना पूरक चित्रफिती आणि प्रश्नसंच आहेत. पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड ही कल्पना रुजवण्यात सोलापूर जिल्ह्यातील परितेवाडी येथील जिल्हा परिषद शाळेचे तत्कालीन शिक्षक रणजितसिंह डिसले यांचा मोठा वाटा आहे. २०२० मध्ये त्यांना १० लाख डॉलरचा जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला आणि त्यातील निम्मी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतील इतर नऊ शिक्षकांना वाटून दिली.

पुण्याच्या आयुका संस्थेत अनेक वर्षे काम केलेले अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंपासून विज्ञानाची खेळणी बनवण्याच्या कृती आणि मराठीसह अनेक भाषांतील पुस्तके आपल्या संकेतस्थळावर खुली ठेवली आहेत. शाळेत प्रयोगशाळा अपुरी असेल, तर कोलोरॅडो विद्यापीठाचा फेट हा प्रकल्प उपयोगी पडतो. नोबेल पारितोषिकप्राप्त भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी तो २००२ मध्ये सुरू केला. त्यावर मुलांना पडद्यावरच विद्युतमंडल जोडून दिवा लावता येतो आणि त्यातील अनेक प्रयोग मराठीतही आहेत. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली आकाराला आलेला मराठी विश्वकोश आणि मोल्सवर्थचा १८५७ सालचा मराठी-इंग्रजी शब्दकोश घरबसल्या पाहता येतो. मराठी विकिपीडिया १ मे २००३ रोजी सुरू झाला. तो वाचताना लेखाखालील संदर्भ आणि ‘इतिहास’ हे पान उघडून दाखवावे. लेख कोणी, केव्हा आणि कसा बदलला, हे तेथे दिसते.

एक सूचना टंकलेखनाविषयी. पूर्वी आम्ही ज्या फॉन्टमध्ये मजकूर घालत असू, त्यात पडद्यावर ‘क’ दिसला तरी संगणकाच्या लेखी ते एखादे रोमन अक्षरच असे. त्यामुळे शोधयंत्राला ते लेख सापडत नसत आणि पुढे कित्येक लेख नव्याने टंकित करावे लागले. युनिकोडमध्ये प्रत्येक देवनागरी अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो. शाळेचे अंक, विद्यार्थ्यांचे निबंध आणि स्थानिक इतिहासाची टिपणे युनिकोडमध्येच लिहावीत. जे शोधता येत नाही, ते पुढच्या पिढीसाठी जवळपास नसल्यासारखेच असते.

वर्गात करण्याजोगा एक उपक्रम

विश्रांतवाडीतील शिक्षकांना एक उपक्रम सुचवतो. ‘आपल्या परिसराला विश्रांतवाडी हे नाव कसे पडले?’ हा प्रश्न मुलांना द्यावा. एका गटाने महाजालावर शोध घ्यावा आणि प्रत्येक उत्तरापुढे ते कोणी, केव्हा व कशाच्या आधारे दिले, हे लिहावे. दुसऱ्या गटाने परिसरातील वयोवृद्धांना विचारावे. तिसऱ्या गटाने १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटिअरची संगणकीय प्रत चाळावी. चौथ्या गटाने चॅटजीपीटीसारख्या साधनाला हाच प्रश्न विचारून त्याचे उत्तर पडताळावे. अशी साधने अस्खलित भाषेत चुकीचे उत्तर देतात आणि प्रसंगी अस्तित्वात नसलेल्या पुस्तकाचाही दाखला देतात. शेवटी उत्तरे जुळली नाहीत, तरी शिक्षकांनी निराश होऊ नये. ‘निश्चित पुरावा मिळाला नाही’ असे वहीत लिहिणारा विद्यार्थी पुष्कळ शिकला, असे समजावे.

मुलांची छायाचित्रे, पत्ते आणि गुणपत्रके मात्र अशा साधनांत घालू नयेत. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे.

आपल्या घरातील माता धान्य दळायला देण्यापूर्वी ते सुपात घेऊन पाखडत असत. धान्यात खडे असतात म्हणून त्यांनी धान्य आणणे सोडले नाही आणि पोते विश्वासू दुकानातून आले म्हणून पाखडणेही टाळले नाही. हीच सवय मुलांच्या बोटांना लावायची आहे. प्रारंभ आपल्यापासून व्हावा. पुढचा संदेश पाठवण्यापूर्वी त्यात तारीख आहे का, एवढे तरी पाहू या.