फ्यूज उडतो तेव्हा

झाशीचा उन्हाळा कडक; पारा ४५ अंशांपलीकडे जातो आणि उन्हात उभ्या मोटारीची डिकी त्याहून तापते. तेथे बसविलेला ॲम्प्लिफायर मध्येच मुका होऊन थंडावल्यावर पुन्हा बोलू लागला, तर तो बिघाड नव्हे. यंत्राने स्वतःला वाचविलेले असते.

प्रोटेक्टचा लाल दिवा मात्र टिकून राहिल्यास स्पीकरच्या तारा सोडवून पाहाव्यात. दिवा विझला, तर दोष स्पीकरचा किंवा तारेचा. कित्येकांचा नव्या यंत्राचा खर्च एवढ्यानेच वाचावा!

फ्यूज वारंवार उडत असल्यास अधिक क्षमतेचा फ्यूज घालण्याचा मोह कटाक्षाने टाळावा; तार तापून मोटारीला आग लागू शकते. बहुधा १२ व्होल्टांचा दाब वाढविणाऱ्या भागातील मॉस्फेट शॉर्ट झालेले असतात. एकच जळाला तरी त्या गटातील सारे बदलावेत, गेटचे रेझिस्टरही तपासावेत. दुरुस्तीनंतर प्रथम बॅटरीच्या तारेत मोटारीच्या हेडलाइटचा बल्ब सीरीजमध्ये जोडावा. तो क्षणभर उजळून मंदावला, तर ठीक. प्रखर पेटत राहिला, तर शॉर्ट अद्याप कायम आहे, पण नवे मॉस्फेट बचावतात.